फिशटँकची ट्यूब सारखी जाते? ट्यूब बदलण्याआधी झाकणातली ओल शोधा

छोट्या टाकीच्या झाकणात नवी ट्यूब टाकली, काही महिने ठीक चालली, मग लुकलुकायला लागली, टोकं काळी पडली आणि एक दिवस पेटलीच नाही. पुन्हा नवी ट्यूब आणली, पुन्हा तेच. मधेच स्टार्टर बदलला की चार दिवस बरं चालतं, म्हणून दोष स्टार्टरवर ढकलला जातो. हे चक्र तुमच्याकडे चालू असेल तर एक साधा हिशोब करा. चोकवर चालणाऱ्या बऱ्यापैकी ट्यूबचं आयुष्य दहा हजार तास किंवा त्याहून जास्त धरतात. रोज आठ-नऊ तास लावली तरी ती तीन वर्षं टिकायला हवी. खोलीतल्या भिंतीवर ती तेवढी टिकतेही. टाकीवर टिकत नसेल तर बिघाड ट्यूबमध्ये नाही, ती जिथे बसवली आहे तिथे आहे. आणि तो बिघाड बहुतेक वेळा ओलीचा असतो.

म्हणून ही पोस्ट ट्यूब कशी बदलावी यावर नाही. ती पुन्हा का जाते, ते कसं शोधायचं आणि कुठल्या टप्प्यावर दुरुस्तीचा नाद सोडून एलईडीकडे वळायचं, यावर आहे.

हात लावण्याआधी

प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. बटण न्यूट्रलच्या तारेत बसवलेलं असेल किंवा प्लग उलटा बसला असेल तर बटण बंद असूनही होल्डरपर्यंत फेज आलेला असतो. लाइटबरोबर हीटर, फिल्टर आणि एअर पंप यांचेही प्लग काढा, कारण काम करताना हात पाण्यात जातोच. हीटर बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं तो पाण्यातच राहू द्या. गरम काच बाहेर काढली की तडकते. नंतर सगळं परत लावायला विसरू नका, विशेषतः फिल्टर.

झाकण पूर्ण उचलून टाकीपासून दूर, कोरड्या टेबलावर न्या. उघड्या पाण्यावर ट्यूब फिरवत बसू नका. ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, आणि फुटली तर काच, पावडर, पारा सगळं थेट माशांच्या पाण्यात जातं. टेबलावर फुटली तर खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबा, तुकडे जाड कागदाने गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला. व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नका, तो पाऱ्याची वाफ खोलीभर पसरवतो.

पाण्यात बोट घातल्यावर झिणझिण्या येत असतील तर ‘थोडंसंच आहे’ म्हणून चालवून घेऊ नका. सगळे प्लग काढा आणि कुठल्या उपकरणातून गळती होते ते सापडेपर्यंत टाकीत हात घालू नका. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावी. माझ्या मते टाकीवरच्या कुठल्याही सजावटीआधी हा खर्च करावा.

ट्यूब मरते कशी

स्टार्टर-चोकच्या जुन्या पद्धतीत काय होतं ते एकदा समजलं की पुढचं शोधणं सोपं जातं. बटण दाबलं की स्टार्टरमधल्या छोट्या काचेच्या फुग्यात वायू चमकतो, त्या उष्णतेने आतली दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि संपर्क जुळतो. आता वीज चोकमधून, ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या फिलामेंटमधून आणि स्टार्टरमधून वाहते, फिलामेंट तापतात. फुगा थंड झाला की पट्टी सुटते, प्रवाह अचानक तुटतो आणि चोक शेकडो व्होल्टचा झटका देतो. त्या झटक्याने ट्यूब पेटते. पेटल्यावर तिच्या दोन टोकांमधला विजेचा दाब इतका खाली येतो की स्टार्टर पुन्हा जागा होत नाही. तिथून पुढे चोकचं काम फक्त प्रवाह आवरून धरण्याचं.

फिलामेंटवर इलेक्ट्रॉन सोडणारा एक लेप असतो, आणि दर वेळी पेटताना त्यातला थोडा उडतो. टोकाचा काळेपणा म्हणजे तोच उडालेला माल. आता होल्डरच्या पितळी पात्यावर हिरवट थर बसला, स्प्रिंग सैल झाली, संपर्क अर्धवट झाला असं समजा. फिलामेंट पुरेसे तापत नाहीत, पहिल्या झटक्यात ट्यूब पेटत नाही, स्टार्टर पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा, पुन्हा. जे एकदा व्हायला हवं ते रोज सकाळी वीस वेळा होतं आणि लेप झपाट्याने संपतो. शिवाय अर्धवट संपर्क तापतो, होल्डरचं प्लास्टिक तपकिरी पडतं, स्प्रिंगचा ताण जातो आणि संपर्क आणखी बिघडतो. अशा होल्डरमध्ये नवी ट्यूब टाकली की तिचीही तीच गत होते.

ओल येते कुठून? टाकीचं पाणी बऱ्याचदा खोलीपेक्षा गरम असतं, त्यामुळे वाफ सतत वर येते. दिवसा ट्यूब आणि चोकच्या उष्णतेने झाकण कोरडं राहतं. रात्री ते थंड झालं की आतून थेंब धरतात. म्हणूनच ‘सकाळी पेटत नाही, दुपारी आपोआप ठीक होते’ अशी तक्रार ऐकू आली की मी मल्टिमीटर काढायच्या आधी होल्डर उघडतो. दुसरं कारण एअर स्टोन. बुडबुडा पृष्ठभागावर फुटताना बारीक तुषार उडतात, सुकतात आणि क्षार मागे ठेवतात. हे क्षार पुन्हा ओल धरून ठेवतात, आणि ओले क्षार वीज वाहून नेतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीत हे सगळं कितीतरी वेगाने घडतं.

लक्षणावरून निदान

दोन्ही टोकं सतत लालसर-पांढरी जळतात आणि मधली ट्यूब अंधारी राहते, तेव्हा स्टार्टर आतून चिकटलेला असतो किंवा त्यातला छोटा कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. नवा स्टार्टर लावला की काम होतं. मात्र ट्यूब अशी तासन् तास जळत ठेवली असेल तर तिचं निम्मं आयुष्य गेलं असं समजा.

सारखी लुकलुकते आणि टोकं काळी झाली आहेत, तर ट्यूब संपली. टोकं स्वच्छ असूनही लुकलुकत असेल तर आधी ट्यूब होल्डरमध्ये हलकेच फिरवून बघा. फिरवताना एखाद्या जागी ती झटकन पेटली तर दोष होल्डरचा. काहीच फरक पडला नाही तर चालू असल्याची खात्री असलेला स्टार्टर लावून बघा. व्होल्टेज कमी असतानाही ट्यूब अशीच वागते, तेव्हा घरातले बाकीचे दिवे मंद आहेत का यावर नजर टाका.

अजिबात पेटत नाही, टोकंही नाहीत, तर मल्टिमीटर लागेल. प्लग काढलेला, ट्यूब बाहेर. ट्यूबच्या एकाच टोकाच्या दोन पिनांमध्ये काही ओहम दाखवायला हवेत. दोन्ही टोकं वेगवेगळी तपासा. एका टोकाने जरी काहीच दाखवलं नाही तर ट्यूब गेली, मग ती कितीही नवी असो. चोकच्या दोन तारांमध्ये काही दहा ओहम येतात, फार छोट्या वॅटच्या चोकमध्ये त्याहून जास्त. काहीच येत नसेल तर आतली तार तुटली आहे. चोकची तार आणि त्याचं लोखंडी अंग यांच्यात मात्र काहीच यायला नको. काही दाखवत असेल तर तो चोक फेकून द्या. ट्यूब, चोक दोन्ही ठीक असतील तर स्टार्टर, वायर, प्लग आणि होल्डर एवढंच उरतं.

नव्या ट्यूबमध्ये प्रकाश सापासारखा वळवळतो, त्याने बरेच लोक घाबरतात. काही तास चालू राहिली की बहुधा थांबतो. थांबला नाही तर स्टार्टर बघा. गुणगुण आवाज येत असेल तर चोकचे स्क्रू आवळा. चोकच्या पत्र्यांच्या चकत्या आतूनच सुटल्या असतील तर आवाज राहील, पण त्याने धोका नाही, फक्त डोकं उठतं.

झाकणात स्टार्टर दिसत नसेल तर दोन शक्यता आहेत. एक, तुमच्याकडे पीएल दिवा (दुमडलेली छोटी ट्यूब) आहे. दोन पिनांच्या पीएलमध्ये स्टार्टर दिव्याच्या बुडातच असतो आणि दिव्याबरोबरच बदलला जातो. चार पिनांचा पीएल इलेक्ट्रॉनिक बॅलास्टसाठी, म्हणजे चोक-स्टार्टरचं काम करणाऱ्या सर्किटसाठी, असतो. दोघांची बुडं वेगळी आहेत, जोर लावून बसवू नका. दुसरी शक्यता, ट्यूबच्या पट्टीतच इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट आहे. बंद झाकणाच्या उष्णतेत त्यातले कपॅसिटर सुकतात किंवा फुगतात. बॅलास्ट उघडून कपॅसिटर बदलणं जमतं, पण प्लग काढल्यावरही त्यात तीनशे व्होल्टच्या वर साठा राहू शकतो, आणि हवेतल्या ओलीने त्याचा सर्किट बोर्डही खराब झालेला असतो. मी पूर्ण बॅलास्टच बदलतो. या पद्धतीत आणखी एक गंमत आहे: ट्यूबच्या काचेवर ओल आणि क्षारांचा पातळ थर बसला तरी ती पेटायला कुरकुर करते. कोरड्या फडक्याने पुसली आणि परावर्तक पत्र्याची अर्थिंग घट्ट केली, एवढ्यावरही काही वेळा भागतं.

होल्डरची दुरुस्ती

खरं काम इथे आहे. होल्डर पट्टीतून सोडवा, प्रत्येक तार कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा. प्लास्टिक तपकिरी, ठिसूळ किंवा वितळलेलं असेल, किंवा पातं दाबल्यावर उसळी मारत नसेल, तर स्वच्छ करण्यात वेळ घालवू नका, होल्डर बदला. टी८ म्हणजे जाड ट्यूबच्या पिनांमधलं अंतर १३ मिलिमीटर असतं, टी५ म्हणजे बारीक ट्यूबचं ५ मिलिमीटर. त्यावरून होल्डर निवडायचा.

पातं शाबूत असेल आणि फक्त पांढरे क्षार किंवा हिरवट थर असेल तर सुटा केलेला होल्डर पातळ व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा आणि पूर्ण एक दिवस सुकू द्या. पात्यात पाणी अडकून राहतं, घाई केली तर सगळी मेहनत वाया. सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरची अरुंद पट्टी पात्यातून ओढा. ट्यूबच्या पिनाही तशाच चमकवा. गंज सोडवणारं तेल फवारायचा मोह होतो. ते काही प्लास्टिक ठिसूळ करतं आणि गरम झालं की खाली पाण्यात ठिबकतं.

तारांचं आवरण कडक होऊन तडकलं असेल तर त्याही बदला; सिलिकॉनचं आवरण असलेली तार या उष्णतेत टिकते. जोडावर नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळून भागत नाही, ओलसर उष्णतेत तिचा गोंद सुटतो. सोल्डर करून वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

आता ओल अडवायची. ट्यूबच्या टोकांवर चढणाऱ्या रबरी जलरोधक टोप्या मिळतात, साधे उघडे होल्डर असतील तर त्या लावाच. टोपीच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला की ती नीट बसते. पाणी आणि ट्यूब यांच्यामध्ये काचेचं झाकण हवं, हवा खेळायला एका कोपऱ्यात फट ठेवून. ही एक काच बसवली की निम्म्या तक्रारी बंद होतात, फक्त ती आठवड्याला पुसावी लागते, नाहीतर क्षारांनी प्रकाश अडतो आणि माणूस उगाच ट्यूबला दोष देतो. एअर स्टोन होल्डरच्या बरोबर खाली असेल तर सरकवा. बाहेर जाणाऱ्या वायरला सॉकेटच्या खालपर्यंत एक झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

जोड्या जुळतात का?

ओल नसूनही ट्यूब लवकर जात असेल तर वॅट तपासा. चोकवर लिहिलेले वॅट आणि ट्यूबचे वॅट जुळायला हवेत. टी५मध्ये इथे हमखास फसगत होते: ५४९ मिलिमीटरची ट्यूब १४ वॅटचीही मिळते आणि २४ वॅटचीही. लांबी तीच, पिना त्याच, पण प्रवाह जवळजवळ दुप्पट. शिवाय काही अ‍ॅक्वेरियम कंपन्या मुद्दाम वेगळ्या लांबीच्या ट्यूब वापरतात, म्हणून जुनी ट्यूब सोबत नेणं उत्तम. स्टार्टरमध्ये, एका चोकवर एकच ट्यूब असेल तर २३० व्होल्टवर एस१०; एकाच चोकवर दोन छोट्या ट्यूब एकापाठोपाठ जोडल्या असतील तर प्रत्येकीला एस२. उलटसुलट लावले तर लुकलुकणं सुरू.

ट्यूबवर छापलेल्या ८६५ सारख्या आकड्यात पहिला अंक रंग किती खरे दिसतात ते सांगतो आणि पुढचे दोन रंगतापमान: ६५ म्हणजे ६५०० केल्विन. साध्या वनस्पतींच्या टाकीला ८६५ चालते, ‘अ‍ॅक्वेरियम स्पेशल’ गुलाबी ट्यूबच हवी असं काही नाही.

एलईडीकडे कधी वळायचं

होल्डर जळला आहे, चोकही गेला आहे आणि वायर तडकली आहे, अशा पट्टीवर मी पुन्हा फ्लोरोसेंट बसवणार नाही. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ साली ठरवल्याप्रमाणे २०२७ संपेपर्यंत फ्लोरोसेंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात बंद व्हायची आहे, म्हणजे ट्यूब शोधणं अवघडच होत जाणार. पण माझं मुख्य कारण वेगळं आहे. वीजबचतीबद्दल सगळे बोलतात. छोट्या टाकीत मोठा फायदा हा की १२ किंवा २४ व्होल्टची एलईडी लावली तर २३० व्होल्ट त्या दमट झाकणातून कायमचे बाहेर जातात. अ‍ॅडॉप्टर दूर, कोरड्या जागी राहतो.

त्यामुळे टी८च्या जागी सरळ बसणारी एलईडी ट्यूब मला फारशी पटत नाही. चोक ठेवून, स्टार्टरच्या जागी ट्यूबसोबत आलेला नकली स्टार्टर लावला की ती चालते, हे खरं. पण जुना ओला होल्डर आणि त्यातली मेन लाइन तशीच राहते. काही ट्यूबना चोक काढून थेट जोडणी लागते, आणि एका टोकाला फेज व दुसऱ्याला न्यूट्रल अशी ती असेल तर ट्यूबचं एक टोक बसवलेलं असताना दुसऱ्या उघड्या पिनांवर वीज येऊ शकते. पाण्यावर हा खेळ नको. तरी केलीच, तर पट्टीवर ‘इथे फ्लोरोसेंट ट्यूब लावू नये’ असं ठळक लिहून चिकटवा, पुढच्या माणसाला कळायला मार्ग नसतो.

स्वतः करायचं तर अ‍ॅल्युमिनियमची खाच असलेली पट्टी, त्यात एलईडी स्ट्रिप, वर पारदर्शक आवरण. अ‍ॅल्युमिनियम दिसायला म्हणून नाही. उष्णता बाहेर नेली नाही तर एलईडी लवकर मंद होते. समजा टाकी ४५ सेंटिमीटर लांब आहे आणि ४० सेंटिमीटरच्या दोन ओळी बसतात. स्ट्रिप मीटरला १४.४ वॅटची असेल तर ०.८ मीटरला साडेअकरा वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण एक अँपिअर. अ‍ॅडॉप्टर दीड अँपिअरचा घ्या, कायम पूर्ण भारावर चालणारा अ‍ॅडॉप्टर तापून लवकर जातो. स्ट्रिप फक्त कापायच्या खुणेवरच कापा. स्ट्रिपवरचा आयपी आकडा ती पाण्या-धुळीपासून किती सुरक्षित ते सांगतो; आयपी६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसणारी, बुडणं नाही. टाकीवर आयपी६७ घ्या, आणि कापलेलं टोक व सोल्डर केलेली जागा स्वतः बंद करा, कारण कारखान्यातलं सील तुम्ही कात्रीने उघडलेलं असतं.

सील करताना सिलिकॉन कोणतं हे फार महत्त्वाचं. टाकी जोडायला वापरतात ते व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं. काचेला ते उत्तम, पण तांब्याला आणि सोल्डरला खातं. बंद आवरणात ते वापरलं तर काही आठवड्यांत हिरवी टोकं पुन्हा दिसतील, आणि या वेळी ओलीचा काही दोष नसेल. इलेक्ट्रॉनिक्ससाठी न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारं) लिहिलेलं सिलिकॉन घ्या.

हे सगळं करायची हौस नसेल तर काठावर अडकवायचा तयार क्लिपचा एलईडी लाइट आणा. छोट्या टाकीला तो पुरतो.

बदलल्यानंतर

१५ वॅटची टी८ साधारण ९५० लुमेन (प्रकाशाचं माप) देते, १८ वॅटची १३०० च्या आसपास. पण ट्यूब चहूबाजूंनी प्रकाश टाकते; वर गेलेला भाग परावर्तकावरून येताना बराच गळतो. एलईडीचा सगळा झोत खाली. म्हणून १८ वॅटच्या ट्यूबच्या जागी आठ-दहा वॅटची एलईडी पुरते. ‘तेवढेच वॅट’ लावले तर दोन आठवड्यांत काचेवर हिरवा थर चढतो आणि दोष खताला दिला जातो. सुरुवातीला रोज सहा तासच ठेवा, टायमरवर. शेवाळ येत नसेल आणि वनस्पती नवी पानं काढत असतील तर हळूहळू वाढवा. डिमर असेल तर अर्ध्यापासून सुरुवात, मासेही बिचकत नाहीत. अंधाऱ्या खोलीत टाकीचा लाइट एकदम लावण्यापेक्षा खोलीतला दिवा आधी लावलेला बरा.

जुना चोक झाकणात असताना पाण्याला थोडी ऊब देत होता. तो गेल्यावर पहिले काही दिवस सकाळचं तापमान बघा, हीटरची खूण थोडी वर न्यावी लागू शकते. उतरवलेल्या ट्यूब कचऱ्यात टाकू नका. न फोडता, कागदात गुंडाळून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.